बाथरूममधली मोठी झुरळं आणि ट्रॉलीतली बारकी झुरळं एकाच जातीची असतात का?

जाई_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी आहे. स्वयंपाकघराला लागून मोरी, तिच्या पलीकडे बाथरूम, आणि सगळे पाइप एकाच डक्टमधून खाली उतरतात.

रात्री उशिरा बाथरूमचा दिवा लावला की जाळीजवळ एखादं मोठं, लालसर झुरळ दिसतं. बहुतेक वेळा एकटंच असतं, उजेड पडला की जाळीत शिरतं. खरा त्रास आहे तो स्वयंपाकघरातल्या बारक्या झुरळांचा. ती फिकट तपकिरी असतात. चमच्यांच्या ट्रॉलीत, मिक्सरखाली, फ्रिजच्या दाराच्या रबरात, जिथे हात घालावा तिथे. ट्रॉली ओढली की भराभर मागच्या फटीत पळतात. त्यांच्यातच काही अगदी लहान, जवळजवळ काळी असतात.

घरात सगळ्यांचं ठाम मत आहे की बारकी ही त्या मोठ्यांचीच पिल्लं. मोठी गटारातून येतात, अंडी घालतात आणि पिल्लं ओट्याकडे जातात, म्हणून गटाराचा रस्ता बंद करा. त्यामुळे यांनी सगळ्या जाळ्या बदलून बारीक भोकांच्या बसवल्या, रोज रात्री मोरीत फिनेल ओततो. मोठी खरंच कमी झाली. बारकी मात्र वाढतच आहेत. पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावून फवारा मारून घेतला, थोडे दिवस बरे गेले आणि मग ती हॉलमध्येही दिसायला लागली.

हॉलचंही एक कोडं आहे. भिंतीवरचं घड्याळ सेल बदलायला काढलं तर मागे तपकिरी रंगाचे बारीक दाणे घट्ट चिकटलेले होते. नखानं निघेनात. तिथे ना पाणी, ना खरकटं. टीव्हीच्या वरच्या कप्प्यातही तसेच सापडले.

सासूबाईंना दमा आहे आणि मुलगी रांगते आहे, त्यामुळे परत फवारा नको वाटतो. ही सगळी एकच जात आहे का? नसेल तर घरच्या घरी ओळखायची कशी? आणि जातीप्रमाणे उपाय बदलतो का?


गोदाकाठ

आम्ही रविवार कारंजाजवळ जुन्या वाड्यात राहतो. आमच्याकडे फक्त मोठी. पावसाळ्यात गटार तुंबलं की न्हाणीतून वर येतात, उन्हाळ्यात संध्याकाळी उडतातसुद्धा. बारकी आमच्याकडे कधीच नाहीत, त्यामुळे पिल्लांचं तुमच्या घरच्यांचं म्हणणं मला पटत नाही. तसं असतं तर आमच्या ओट्यावर रांग लागली असती.

एक विचारायचं होतं. माळ्यावरची जुनी ट्रंक हलवली तेव्हा एक पूर्ण पांढरं झुरळ दिसलं होतं. ती कुठली वेगळी जात?


फवारणीवाला_सातपूर

जाईताई, मी पेस्ट कंट्रोलचं काम करतो. सोसायट्या, हॉटेलांची किचन, अंबड-सातपूरच्या कारखान्यांची कँटीन, हेच रोजचं. तुमचं वाचून मला तरी घरात एक नव्हे, तीन जाती दिसतात. आणि उपाय एकीचा चालला आहे. म्हणून बारकी हटत नाहीत.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. पंख असलेलं झुरळ वाढत नाही. पिल्लाला पंख नसतात. ते कात टाकत टाकत मोठं होतं आणि शेवटची कात टाकल्यावरच त्याला पूर्ण पंख येतात. त्यानंतर वाढ बंद. त्यामुळे ट्रॉलीतल्या बारक्या झुरळाच्या पाठीवर पंख असतील तर ते कुणाचंही पिल्लू नाही, ते पूर्ण वाढलेलं झुरळ आहे आणि तेवढंच राहणार. घरच्यांना हे एवढंच दाखवा. एक बारकं पारदर्शक बाटलीत धरा, झाकण लावून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी पांढऱ्या कागदावर दहा रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून बघा. नाणं २७ मिलिमीटरचं असतं. गटारातलं मोठं झुरळ नाण्याच्या बाहेर जातं, साधारण ३५ ते ४० मिलिमीटर. ट्रॉलीतलं बहुधा ११ ते १६ मिलिमीटर भरेल, म्हणजे अर्ध्या नाण्याच्या आसपास.

मग डोक्याच्या लगेच मागे जी ढाल असते ती बघा. तिच्यावर दोन काळ्या उभ्या रेघा, एकमेकींना समांतर, असतील तर ते जर्मन झुरळ. ओट्याजवळच्या झुरळाबाबत तरी शंका नको. मोठ्या लालसर झुरळाच्या ढालीला कडेनं फिकट पिवळसर पट्टा असतो, रेघा नसतात. ते अमेरिकन. तुम्ही ज्यांना काळी बारीक म्हणता ती जर्मनचीच पिल्लं असणार. ती गडद असतात आणि पाठीच्या मध्यातून एक फिकट उभा पट्टा जातो. गिऱ्हाईक मला नेहमी सांगतात की काळी वेगळी आणि तपकिरी वेगळी. ते एकच घराणं आहे. काळी पिल्लं दिसणं म्हणजे अंडी तुमच्याच स्वयंपाकघरात फुटत आहेत.

आता या दोघांच्या सवयी. यातच सगळा उपाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकन राहतं बाहेर. चेंबर, गटार, डक्ट, पायऱ्यांखालची ओल. तुमच्या बाथरूममध्ये ते पाण्याला आणि अन्नाला येतं आणि परत जातं. त्याला रस्ता बंद करणं हाच उपाय, तो तुम्ही केला आणि त्याचा गुण आला. त्यात एकच भर घाला. जे बाथरूम फारसं वापरात नसतं तिथल्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी वाळून जातं. त्या पाण्यानंच गटाराचा वास आणि झुरळं अडलेली असतात. अधूनमधून बादलीभर पाणी ओता. डक्टमध्ये पाइप जिथे भिंतीतून आत येतो त्याच्याभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटनं भरून घ्या. आणि खालच्या चेंबरचं झाकण फुटकं असेल तर सोसायटीच्या मागे लागा, कारण झुरळांची वस्ती तिथे असते. फिनेलनं वास जातो, ती मरत नाहीत.

जर्मनचं उलटं आहे. ते गटारातून येत नाही. त्याचा जन्म, संसार, मरण सगळं तुमच्या ओट्याच्या दोन-तीन हातांच्या आत. त्याला ऊब, ओल आणि अंग दोन्ही बाजूंनी टेकेल अशी अरुंद फट हवी असते. म्हणून फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, मिक्सरच्या बुडाशी, ट्रॉलीच्या चॅनलमागे, दाराच्या बिजागरीत, सिंकखालच्या प्लायच्या फुगलेल्या कडेला. मी किचनमध्ये गेलो की औषधाआधी टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर काढतो, ट्रॉली पूर्ण बाहेर काढतो आणि मागची भिंत बघतो. तिथे चहाच्या भुकटीसारखे काळे कण आणि ठिपके दिसले की घर सापडलं. मोठ्या झुरळाची लेंडी वेगळी, जाड, बोथट टोकांची असते. लोक ती उंदराची समजतात, पण उंदराच्या लेंडीला टोकं निमुळती असतात.

फवाऱ्यानं तुमचं काय झालं ते सांगतो. फवाऱ्याचा थेंब ज्याच्या अंगावर पडला ते मेलं, बाकीची चिडून फटीत खोल गेली किंवा खोली बदलून गेली. शिवाय अंड्यांच्या पिशवीच्या आत औषध पोचत नाही. जर्मनची मादी ती पिशवी अंडी फुटायच्या वेळेपर्यंत स्वतःच्या मागे धरून हिंडते, एका पिशवीत तीस-चाळीस पिल्लं. मादी फटीत खोल असेल तर तिला आणि पिशवीला, दोघांनाही काही होत नाही. उबदार किचनमध्ये दोन-तीन महिन्यांत त्या पिल्लांना पंख येतात. जर्मन झुरळांना फवाऱ्यातल्या नेहमीच्या औषधांची सवयही झालेली असते, हे जगभर झालंय.

तुमच्यासाठी जेल. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असलेलं सिरिंजमधलं जेल मिळतं. दोन-तीन मिलिमीटरचे ठिपके, एका जागी मोठा गोळा नको. बिजागरीच्या आत, चॅनलच्या मागे, फ्रिजच्या मागच्या पत्र्याजवळ, मुलीचा हात पोचणार नाही अशा फटींतच. जमिनीवर नाही, डब्यांजवळ नाही. झुरळ ते खाऊन घरट्यात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मेलेलं शरीर पिल्लं खातात, तीही मरतात. जेल लावलेल्या जागी फवारा, फिनेल, खडू काही मारायचं नाही, नाहीतर त्या वासानं झुरळ जेलला तोंडच लावत नाही. पिशव्यांतली अंडी नंतर फुटणार, म्हणून तीन-चार आठवड्यांनी परत ठिपके तपासून नवे लावायचे. जेल लावायच्या आधी ओटा आणि गॅसखालचा भाग रात्री कोरडा आणि साफ ठेवा. खरकटं समोर असलं तर ते जेल कशाला खाईल?

अजून एक. जर्मन सहसा बाहेरून घरात चालत येत नाही, आपण उचलून आणतो. पुठ्ठ्याचे खोके, भाजीचे क्रेट, जुना फ्रिज, किराण्याची पोती. आपल्याकडे द्राक्षाच्या सिझनला घरोघरी रिकामे खोके जमतात आणि ओट्याखाली कांदे-बटाटे ठेवायला वर्षभर वापरले जातात. पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये जर्मनला हवी तेवढीच फट असते. ते खोके आधी बाहेर काढा. कांद्याला प्लॅस्टिकचा जाळीचा क्रेट घ्या, तो धुता येतो.

घड्याळामागचे दाणे ही तिसरी जात वाटते. फोटो टाका, मग सांगतो.


जाई_इंदिरानगर

दादा, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

सांगितल्याप्रमाणे केलं. पंख आहेत. दोन काळ्या रेघाही आहेत, भिंगाशिवाय दिसल्या. नाण्याच्या अर्ध्याहून थोडं मोठं भरलं. यांनी रात्री सगळ्या ट्रॉल्या काढल्या तर सिंकखालच्या प्लायची कड पूर्ण काळ्या ठिपक्यांनी भरलेली. एका मादीच्या मागे पिशवी स्पष्ट दिसत होती. कांद्याचे खोके उचलले तर खालून पिल्लं पळाली, ते खोके तेव्हाच बाहेर नेले. सासूबाईंनी स्वतः ते नाण्याशेजारचं झुरळ पाहिलं आणि म्हणाल्या, हे मोरीतल्याचं पिल्लू नाही. आता घरात वाद उरला नाही.

घड्याळामागे मात्र झुरळ सापडलं नाही, नुसतेच दाणे. प्रत्येक दाणा पाच मिलिमीटरच्या आसपास, लालसर तपकिरी. कपाटाच्या वरच्या कडेला एक झुरळ मिळालं. आकार ट्रॉलीतल्यासारखाच, पण दोन उभ्या रेघा नाहीत. पंखांवर आडवे, फिकट पट्टे आहेत. ही कोण?


प्राणिशास्त्र_शिक्षिका

जाई, ते आडव्या पट्ट्यांचं झुरळ म्हणजे सुपेला लाँगिपाल्पा. इंग्रजीत त्याला ब्राउन-बँडेड म्हणतात. लांबी १० ते १४ मिलिमीटर, म्हणजे जर्मनएवढीच किंवा किंचित कमी, म्हणून दोघांत गोंधळ होतो. रेघ कुठे आणि कशी, हे बघायचं. जर्मनमध्ये ढालीवर उभ्या दोन. सुपेलामध्ये ढाल मधे गडद, कडेला पारदर्शक, आणि पंखांच्या बुडाशी व मध्याजवळ आडवे फिकट पट्टे. पिल्लांच्या अंगावर हे पट्टे जास्त उठून दिसतात. नर सडपातळ असतो आणि धक्का लागला की उडतो. जर्मनला पंख असूनही ते उडत नाही.

घड्याळामागचे दाणे हे त्याचेच अंडकोश, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या आहेत. जर्मनची मादी पिशवी जवळ बाळगते, सुपेलाची मादी एक-दीड दिवसात ती एखाद्या आडोशाला चिकटवून निघून जाते. फोटोफ्रेमच्या मागे, पडद्याच्या दांडीवर, पुस्तकांच्या कपाटात, टेबलाच्या खालच्या बाजूला, छताच्या कोपऱ्यात. एका कोशात चौदा-पंधराच्या आसपास अंडी. या जातीला पाणी कमी लागतं आणि ऊब जास्त, म्हणून ती ओट्यापासून लांब, वरच्या अंगाला, टीव्ही आणि राउटरजवळ सापडते. फवाऱ्यामुळे स्वयंपाकघरातली झुरळं हॉलमध्ये आली असं तुम्हाला वाटलं, पण हॉलमधली काही तरी मुळातच वेगळी होती.

गोदाकाठ, तुमचं पांढरं झुरळ ही वेगळी जात नाही. नुकतीच कात टाकलेलं कुठलंही झुरळ पांढरं असतं. नवं कवच मऊ असतं, काही तासांत ते कडक होतं आणि रंग चढतो. ट्रंकेमागे तुम्हाला जवळच रिकामी कात पडलेली दिसली असती. आणि तुमच्या ओट्यावर रांग का नाही, हे तुम्ही अगदी बरोबर ताडलंत.

अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आपण जे झुरळ शिकवतो ते मोठं, पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. मुलांना त्याचे नर-मादी ओळखायला सांगते तेव्हा शेपटाकडची टोकं बघायला लावते. दोन जाड, खंड पडलेली टोकं दोघांनाही असतात. त्यांच्या मध्ये दोन बारीक काड्या दिसल्या तर तो नर. पुस्तकात एकच झुरळ असल्यामुळे बहुतेक घरांत लहान म्हणजे पिल्लू असा समज होतो, हे मी वर्गात दरवर्षी ऐकते आणि मला त्याची काळजी वाटते. कारण त्या समजावर लोक औषधं ओततात.

तुमच्या घरचा पाहुणा जर्मन झुरळ हा मुळात आपल्याच भागातला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात एका आशियाई रानझुरळापासून वेगळी झाली, माणसाच्या घरात रुळली आणि मग व्यापाराबरोबर जगभर गेली. ते मूळ आशियाई झुरळ, ब्लाटेला असाहिनाय, आजही गवतात आणि पालापाचोळ्यात राहतं. दिसायला जर्मनसारखंच, ढालीवर त्याच दोन रेघा. पण ते चांगलं उडतं आणि दिव्याकडे येतं. जर्मन दिव्यापासून पळतं. बंगल्याच्या बागेतून संध्याकाळी ट्यूबलाइटवर येऊन बसणारं बारकं झुरळ बघून कुणी स्वयंपाकघर खोलायची गरज नाही, आधी ते कसं वागतं ते बघा.

फटींबद्दल दादांनी लिहिलं त्याला एक आकडा जोडते. कौशिक जयराम आणि रॉबर्ट फुल यांनी २०१६ मध्ये अमेरिकन झुरळावर प्रयोग करून दाखवलं की धावताना १२ मिलिमीटरच्या आसपास उंच असणारं हे झुरळ अंग चपटं करून सुमारे ३ मिलिमीटरच्या फटीतून पार होतं. दाराखालची फट मोजताना हे ध्यानात ठेवा.

आणि एक विनंती. खिडकीच्या काचेवर कधी लांब पायांची काळी गांधीलमाशी दिसेल, जिचं पोट अगदी छोटं, चपटं असून सतत वर-खाली हलत असतं. तिचं नाव इव्हानिया अपेंडिगॅस्टर. ती माणसाच्या वाटेला जात नाही. ती मोठ्या झुरळाच्या अंडकोशात आपलं अंडं घालते आणि तिची अळी आतली सगळी अंडी खाते. तिला मारू नका. ती वारंवार दिसली तर जवळच कुठेतरी मोठ्या झुरळांची वस्ती आहे, एवढं समजा.


कुंड्या_आणि_गुलाब

मखमलाबादला आमची छोटी नर्सरी आहे. आमच्याकडे लोक विचारतात की कुंडी उचलली की खालून झुरळं निघतात, ती घरात जातील का. ते झुरळ वेगळं. साधारण दोन सेंटिमीटर, ढाल काळी चकचकीत, तिच्या पुढच्या कडेला फिकट रेघ, पंख तपकिरी. मातीत आणि कंपोस्टमध्ये बिळं करून राहतं. पिल्लांना पंख नसतात, ती माती उकरली की लगेच परत खाली घुसतात. पिक्नोसेलस सुरिनामेन्सिस या नावानं ते ओळखलं जातं. यांच्यात नर नसतानाही माद्यांना पिल्लं होतात, त्यामुळे एक मादी कुंडीबरोबर आली तरी पुरते.

हे ओट्यावर येत नाही, त्याला सुकं घर मानवत नाही. पण कोवळ्या रोपांची खोडं आणि मुळं कुरतडतं. आम्ही कुंडी पाण्याच्या टबात काठापर्यंत बुडवून ठेवतो, सगळी वर येतात, मग गोळा करतो. घराच्या आतल्या कुंडीत अर्धवट कुजलेलं शेणखत घालू नका.

बागेत अजून एक मोठं झुरळ असतं, ते अमेरिकनसारखंच, पण पंखाच्या बाहेरच्या कडेला खांद्यापाशी पिवळी रेघ असते. ते ऑस्ट्रेलियन. पालापाचोळा खातं.


फवारणीवाला_सातपूर

बाईंनी आडव्या पट्ट्यांचं बरोबर सांगितलं. मी त्यात कामाचा भाग घालतो, कारण इथेच पेस्ट कंट्रोल फसतं. जर्मनसाठी जेल ओट्याच्या उंचीला आणि खाली लावतात. सुपेलासाठी तेच जेल किचनमध्ये कितीही लावा, ते तिथे येणारच नाही. त्याचे ठिपके वर लावायचे. घड्याळाच्या खिळ्याजवळ, फ्रेमच्या मागच्या कडेला, टीव्हीच्या युनिटच्या वरच्या कोपऱ्यांत, कपाटाच्या छताकडच्या कडेला, पंख्याच्या वाटीजवळ. आणि चिकटलेले कोश हातानं काढावेच लागतात. जुन्या सुरीनं खरवडायचे, कागदावर घ्यायचे, साबणाच्या उकळत्या पाण्यात टाकायचे. नुसते केरात टाकले तर केराच्या डब्यात फुटतात.

ताई, तुमच्या सासूबाईंसाठी लिहितो. दम्याला त्रास जिवंत झुरळापेक्षा त्याच्या विष्ठेचा, लाळेचा आणि टाकलेल्या कातीचा असतो. ते सगळं वाळून धूळ होतं आणि श्वासात जातं. त्यामुळे ट्रॉलीमागची ती काळी कड झाडूनं झाडू नका. आधी ओल्या फडक्यानं साबणपाण्यात पुसा, फडकं फेकून द्या, आणि त्या वेळी त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. तुम्हीही तोंडाला रुमाल बांधा. हे पुसणं झाल्यावरच जेल लावा, नाहीतर जेल पण पुसलं जाईल. झुरळं मेली तरी ही धूळ राहते, म्हणून शेवटी परत एकदा पुसायचं.

गोंदाचे सापळे आणा, पुठ्ठ्याचे मिळतात. एक फ्रिजमागे, एक सिंकखाली, एक बाथरूमच्या दाराशी, एक हॉलमध्ये कपाटावर. मुलीपासून लांब. सकाळी बघून लिहून ठेवा कुठे कोणतं अडकलं. बाथरूमच्या सापळ्यात मोठी, सिंकखाली दोन रेघांची, कपाटावर आडव्या पट्ट्यांची, असं आलं तर आपला अंदाज पक्का. सिंकखालच्या सापळ्यात फक्त पंखवाली यायला लागली आणि पिल्लं थांबली, तर जेल लागू पडतंय. पिल्लं येतच राहिली तर एखादी फट राहिली आहे, किंवा जेल बदलायचं. जेलमधल्या ग्लुकोजला तोंड न लावणारी जर्मन झुरळंही असतात, त्यामुळे एकाच जेलवर हटून बसू नका.

पुढच्या वेळी कुणाला बोलावलंत तर दारातच विचारा, जात कोणती आहे. टॉर्च न काढता, ट्रॉली न ओढता थेट पंप भरायला लागला तर त्याला परत पाठवा.


जाई_इंदिरानगर

बाई, दादा, नर्सरीवाले, सगळ्यांचे आभार. ट्रॉलीमागचं पुसून झालं, सासूबाईंना वरच्या शेजाऱ्यांकडे बसवलं होतं. घड्याळ, फ्रेम, पडद्याच्या दांड्या सगळं उतरवून कोश काढले. देवघराच्या वरच्या फळीखालीही निघाले, तिथे बघायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. जेल उद्या लावतो.

एकच शंका. आमच्या अगदी खालच्या फ्लॅटमध्ये मेस चालते, डबे जातात. तिथेही दोन रेघांची झुरळं आहेत असं त्यांची काकू म्हणाली. आम्ही कितीही केलं तरी डक्टमधून वर येतील का?


फवारणीवाला_सातपूर

येतील. जर्मन गटारातून येत नाही, पण पाइपच्या कडेनं एका किचनमधून दुसऱ्या किचनमध्ये जातं, विशेषतः खाली फवारा मारला तर. म्हणून मेसवाल्या काकूंना सांगा की फवारा नको, त्यांनीही जेलच लावावं आणि दोन्ही घरांत एकाच आठवड्यात लावावं. सिंकखाली पाइप भिंतीत जिथे जातो ती फट तुमच्याकडून बंद करा, त्यांनाही करायला सांगा. मेसला भाजीचे क्रेट रोज येतात, ते किचनच्या बाहेरच रिकामे करून परत पाठवायचे. त्यांना टॉर्च घेऊन बघून हवं असेल तर रविवारी दुपारी मी इंदिरानगरला कामाला असतो, इथेच निरोप टाका.